पैनगंगेच्या काठी पकडीचा चाकू

यवतमाळ जिल्ह्यात शिरून पंधरा मिनिटंही झाली नसतील, तोवर माझी पाठपिशवी उपसली गेली होती. धामणगावला रेल्वेतून उतरून मी बाभुळगावमार्गे यवतमाळला जाणारी एसटी धरली होती. बाभुळगावच्या अलीकडे कुठल्याशा सभेचा बंदोबस्त होता आणि रस्त्यावर लोखंडी अडथळे लावले होते. दोन शिपाई बसमध्ये चढले आणि सामान चाचपत पुढे आले. माझ्या पिशवीत तंबू, अंथरूण, लहानसा स्टोव्ह, एक पातेलं आणि कापडी गुंडाळीत तीन घडीचे चाकू होते. नेमकी ती गुंडाळीच तरुण शिपायाच्या हाती लागली. त्याने ती उलगडली, एकेक चाकू वर धरून पाहिला आणि जोडीदाराला म्हणाला, "हे पाह्य, काकूनं दुकानच आणलं." मग माझ्याकडे वळून, "काय कापता काकू एवढ्यानं? कांदे?"

सगळी बस हसली. त्याने गुंडाळी होती तशी बांधून मला दिली, पिशवीची चेनही स्वतः लावली आणि उतरून गेला.

मला इतका राग आला की बाभुळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. अशा प्रसंगासाठी मी सांगलीहून भाषण पाठ करून निघाले होते. यांचं पातं माझ्या बोटाहून लांब नाही, ही हत्यारं नाहीत, अवजारं आहेत, तंबूत राहणाऱ्याला दोरी कापावी लागते, डबा फोडावा लागतो, खिळा उपटावा लागतो, वगैरे. त्यातला एक शब्दही ऐकून घ्यायची त्याला गरज वाटली नाही. चष्मा लावलेली, केस पिकलेली बाई. तिच्याजवळ चाकू असला तर तो कांद्यासाठीच असणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

हा राग जुना आहे. मी तीस वर्षं एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. रोपांची कलमं बांधायला आमच्याकडे एक घडीचा चाकू होता. त्याला एका अंगाला धारदार पातं आणि दुसऱ्या अंगाला साल उचकटायची हाडाची पट्टी. एका वस्तूत दोन वस्तू मावतात याचं मला वेड लागलं ते तिथे. पुढे कात्रीवाला आला, करवतवाला आला, मग पकड असलेला आला. आज घरात सत्तावीस आहेत. माझ्या जागी एखादा पुरुष असता तर त्याला लोक शौकीन म्हणाले असते. मला मात्र नातेवाईक विचारतात, एवढे चाकू कशाला, कोणाचा खून करायचा आहे का. आणि हसतात.

बाभुळगावला चहासाठी गाडी थांबली. डिसेंबरचे दिवस होते आणि माझ्या खिडकीची काच खाली सरकून अडली होती. तिचा स्क्रू ढिला झाला होता. मी मधल्या चाकूचा पेचकस उघडून तो आवळला, तेव्हा काच वर बसली. चहा संपवून आलेल्या कंडक्टरने ते पाहिलं आणि पुढच्या दोन खिडक्या दाखवल्या. त्याही मी आवळल्या. यवतमाळपर्यंत तो मला मॅडम म्हणत होता, तेवढ्याने मी थोडी निवळले.

माझ्या या प्रवासाला कारण होतं. आमच्या प्रयोगशाळेत वाळवलेल्या वनस्पतींचे कागद होते. जुन्या प्राध्यापकांनी गोळा केलेल्या कित्येक फांद्यांखाली ‘पैनगंगेचा काठ’ एवढंच लिहिलेलं असे. त्या चिठ्ठ्या फाटल्या की मी नव्या लिहून चिकटवायची. तीस वर्षं ज्या काठाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, तो काठ एकदा डोळ्यांनी पाहायचा होता, आणि लॉजच्या खोलीतून नाही, तंबू ठोकून.

यवतमाळला रात्र काढून सकाळी दक्षिणेकडे निघाले. आर्णीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. बाया ओटीत कापूस वेचत होत्या आणि शेताच्या कडेला पांढरे ढीग साचत होते. महागाव मागे पडलं तसे सागवानाचे डोंगर जवळ आले. पानं अजून गळाली नव्हती, पण किडीने खाऊन त्यांची जाळी झाली होती आणि उन्हात त्या जाळ्या तांबूस दिसत होत्या. फुलसावंगीला गाडी बराच वेळ उभी राहिली. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरम आलूबोंडे आणि तळलेल्या मिरच्या मिळाल्या. मिरची खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मालकाने न मागता गुळाचा खडा पुढे केला.

ढाणकीला उतरले. नदीकाठी तंबू ठोकायला जागा कुठे मिळेल, असं एका कृषी केंद्रात विचारलं. दुकानदार म्हणाला, अभयारण्याच्या हद्दीत जाऊ नका, परवानगी लागते आणि रानडुकरं आहेत. त्यापेक्षा नदीच्या अंगाला तांडे आहेत, कोणाच्याही वावरात (शेतात) विचारा, नाही म्हणणार नाहीत. त्यानेच ऑटो ठरवून दिला. फाट्यावर उतरून मी पाऊणेक तास चालले. तुरीच्या उंच शेतांमधून पायवाट नदीकडे उतरत होती. आणि मग पैनगंगा दिसली. रुंद, संथ, मधे काळे खडक, पलीकडे करंजाची आणि जांभळीची गर्द रांग. त्या रांगेतलं प्रत्येक झाड मला कागदावर चिकटवलेलं माहीत होतं. ते वाऱ्याने हलताना मी प्रथमच पाहत होते.

काठावर एक माणूस उकिडवा बसून मोटारीच्या केबलशी झटत होता. पंचेचाळिशीचा, अंगात बनियन, डोक्याला रुमाल. केबल मधेच तुटलेली दिसत होती आणि तिचं काळं आवरण तो विळ्याने सोलू पाहत होता. विळा मोठा, वायर बारीक. दोनदा तांबंच तुटलं. मी राम राम घातला आणि पकडीचा चाकू उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट केला. पकडीच्या मुळाशी वायर सोलायची खाच असते, ती मी दाखवणार होते, पण त्याने ती आधीच शोधली होती. लाइन यायच्या आत जोड मारायचा होता. चार तारा सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून त्याने जोड मारला आणि चाकू धोतराला पुसून परत केला.

"भल्ला कामाचा हाय जी," तो म्हणाला. "माहं सकाळपासून डोस्कं फिरलं होतं."

त्याचं नाव प्रल्हाद. नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या बंजारा तांड्यात घर, आणि हे पाच एकर वावर. तंबूचं विचारताच त्याने धुऱ्याजवळची (बांधाजवळची) सपाट जागा दाखवली, स्वतः ढेकळं फोडून दिली आणि तंबू उभा राहीपर्यंत हरभऱ्याला पाणी द्यायचंही थांबवून ठेवलं.

केबल कशी तुटली, असं मी विचारलं. तुटली नव्हती, जुना जोड जळला होता. मागच्या वर्षी रात्रीतून चोरांनी नदीकाठच्या सात-आठ मोटारींची केबल कापून नेली होती. तांब्यासाठी नेतात. प्रल्हादभाऊंचीही गेली. ते चौकीवर सांगायला गेले होते. चौकीवाल्यांनी लिहून घेतलं नाही. भंगारवाल्यांकडे तुम्हीच शोधा, सापडली तर सांगा, म्हणाले. तेव्हापासून जुने तुकडे जोडून जोडून मोटार चालली होती आणि दर पंधरा दिवसांनी एखादा जोड जळायचा. हे सगळं त्यांनी पावसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मीच मधे मधे चिडत होते.

दोन दिवस मी तिथे राहिले आणि जेवले मात्र त्यांच्याच घरी. माझा स्टोव्ह एकदाच पेटला. त्यांची बायको सुमनबाई मोजकं बोलणारी, पण नजर तीक्ष्ण. पहिल्या संध्याकाळी दारात उभी राहिले तर त्यांनी "आव, बेस" (ये, बस) म्हणून घोंगडी पुढे सरकवली, आणि मी गोंधळलेली पाहून लगेच मराठीवर आल्या. ज्वारीची बाटी (भाकरी), सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झणझणीत भाजी आणि लसणाचा ठेचा. माझे तिन्ही चाकू त्यांनी मागून घेतले आणि एकेक पातं उघडून पाहिलं. कात्रीने त्यांना मोह घातला. ओढणीला आरसे टाकताना दोरा कापायला ही बरी, म्हणाल्या. मग तिन्ही नीट मिटून परत दिले.

दुसऱ्या दिवशी मी प्रल्हादभाऊंबरोबर काठाने दूरवर हिंडले. कुठल्या झाडाची साल जनावराच्या जखमेवर लावतात, कुठल्याची फळं मासे मारायला वापरायचे, हे ते सांगत होते आणि मी त्यांना चिठ्ठ्यांवरची नावं सांगत होते. त्यांच्या आजोबांच्या आजोबांचा धंदा लदेणीचा (बैलांच्या पाठीवर माल लादून नेण्याचा). मीठ, धान्य, तेलबिया. याच नदीच्या उतारावरून बैलांचे कळप पलीकडे जायचे, त्या जागेवर त्यांनी मला उभं केलं. मग रेल्वे आली, धंदा बसला, आणि चालणारी माणसं एका जागी थांबली. थांबली तरी लोकांचं शंका घेणं थांबलं नाही, असं ते सहज बोलून गेले. मी तेव्हा एका वेलीच्या शेंगा तोडण्यात गुंतले होते. मी ते ऐकलं, पण थांबून विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तंबू आवरला. त्या दिवशी जवळच्या गावचा आठवडी बाजार होता. प्रल्हादभाऊ तुरीच्या शेंगांची दोन पोती मोटारसायकलला बांधून पुढे जाणार होते. सुमनबाई आणि मी मागून ऑटोने जाणार, तिथून मला बस. निघताना मी पकडीचा चाकू त्याच्या कातडी म्यानासकट प्रल्हादभाऊंच्या हातात ठेवला.

"मले काहून?" ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमच्या मोटारीला माझ्यापेक्षा याचा जास्त उपयोग आहे. त्यांना तो हवा होता, चेहऱ्यावर दिसत होतं. सुमनबाई मात्र पुढे आल्या. "नको जी ताई. तुमचा तुमच्यापाशीच राहू द्या."

मला वाटलं, संकोच. पाहुण्याची वस्तू कशी घ्यायची, असा. मी आग्रह धरला, दोनतीनदा धरला, आणि शेवटी म्यान स्वतःच्या हाताने त्यांच्या बाजारासाठी घातलेल्या पँटच्या पट्ट्याला अडकवलं. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि गाडीला किक मारली. सुमनबाई का नको म्हणत होत्या हे मी विचारायला हवं होतं. मला माझ्या उदारपणाचं कौतुक वाटत होतं.

ऑटो अर्ध्या वाटेवर असताना सुमनबाईंचा फोन वाजला. तांड्यातल्या कोणीतरी प्रल्हादभाऊंची गाडी चौकीसमोर पाहिली होती. वर शेंगांची पोती तशीच होती. सुमनबाईंनी फोन ओच्यात ठेवला आणि ऑटोवाल्याला बाजाराऐवजी चौकीकडे घ्यायला सांगितलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची ओसरी. प्रल्हादभाऊ ओसरीत भिंतीशी जमिनीवर बसले होते. बाक रिकामा होता, तरी जमिनीवर. चप्पल काढलेली, रुमाल मांडीवर. आतल्या टेबलावर माझा चाकू, सगळी पाती, करवत, पकड, टोचा उघडून ठेवलेला. आमच्या शेजारच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झुरळ चिरून पाय ताणून ठेवायचे, तसा. टेबलामागे चौकीचे साहेब बसले होते.

झालं होतं ते एवढंच: नाक्यावर गाडी अडवली, पट्ट्याचं म्यान दिसलं, नाव विचारलं, गाव विचारलं. गावाऐवजी तांडा सांगितला. मग वस्तू कुठून आणली हे विचारलं. सांगलीच्या एका बाईंनी दिली, या उत्तरावर कोणाचा विश्वास बसला नाही. आणि पकडीत वायर कापायची धार आहे हे शिपायाला कळलं, तेव्हा केबलच्या चोऱ्यांचा विषय निघाला.

मी आत जाऊन सांगितलं की चाकू माझा होता आणि आज सकाळी मीच त्यांना दिला. साहेबांनी मला खुर्ची दिली. पाणी मागवलं. कुठून आलात, काय करता, एकट्याच फिरता का, हे सगळं अदबीने विचारलं. मी उभीच राहिले. मी पिशवीतून गुंडाळी काढली आणि उरलेले दोन चाकू टेबलावर त्या चाकूशेजारी ठेवले. त्यातल्या एकाचं पातं पकडवाल्यापेक्षा लांब होतं.

"हे दोन माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "त्यांना ज्यासाठी बसवलंय, त्यासाठी मलाही बसवा. बाहेर, त्यांच्याशेजारी."

"मॅडम, तुमचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

साहेब जरा हसले. "तुम्ही शौक म्हणून ठेवता. या लोकांचं..." आणि ते थांबले.

मी म्हटलं, वाक्य पूर्ण करा. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे सरकवला. त्या अर्ध्या वाक्याचा मला जेवढा संताप आला, तेवढा पूर्ण वाक्याचाही आला नसता. बसमधला तो शिपाई मला आठवला. तो माझ्यावर हसला म्हणून मी बाभुळगावपर्यंत फणफणत होते. हसून सोडून देणं ही केवढी सवलत आहे, आणि ती मला न मागता, माझ्या चष्म्याकडे आणि बोलण्याकडे पाहून मिळाली होती, हे त्या टेबलासमोर उभं राहिल्यावर मला कळलं. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेने राग आणखी चढला.

मी केबलचं काढलं. या माणसाची स्वतःची केबल चोरीला गेली, तो इथेच सांगायला आला होता, तुम्ही लिहून घेतलं नाही. साहेब शांतपणे म्हणाले, लेखी तक्रार आहे का? नसेल तर त्याला अर्थ नाही. मी म्हटलं, ती लिहून घ्यायचं काम तुमचं होतं. माझा आवाज बराच चढला असावा, कारण ओसरीतून प्रल्हादभाऊ उठून दाराशी आले होते.

साहेबांनी मग एक तोडगा काढला. मॅडमनी अर्ज लिहून द्यावा की त्यांचा चाकू प्रवासात हरवला होता, या इसमाला तो सापडला आणि त्याने आणून दिला. चाकू मॅडमना परत, माणूस मोकळा, कोणालाच त्रास नाही. त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही.

तेव्हा प्रल्हादभाऊ दारातूनच हलक्या आवाजात बोलले. "लिहून द्या ना ताई. काय फरक पडते. शेंगा वाळून राह्यल्या."

मी पेन हातात धरून उभी होते. माझ्या खरेपणापायी त्यांचा बाजार बुडत होता. त्यांना घरी जायचं होतं आणि मला भांडायचं होतं. मी कागदावर वाकले, तारीखही लिहिली. इतका वेळ माझ्या मागे उभ्या असलेल्या सुमनबाई पुढे आल्या आणि त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"खरं तेच लिहा," त्या म्हणाल्या. "आज हरवला लिहिलं तं उद्या चोरला म्हनतीन."

मी लिहिलं: हा चाकू माझ्या मालकीचा होता, मी तो आज सकाळी श्री. प्रल्हाद यांना त्यांच्या मदतीबद्दल राजीखुशीने भेट दिला आहे, तो आता त्यांच्या मालकीचा आहे. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन, सही. साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना तो आवडला नाही, पण त्यात खोडायलाही काही नव्हतं. बराच वेळ पेन खेळवून त्यांनी कागद फायलीत टाकला आणि चाकू टेबलावरून पुढे लोटला. माफीचा शब्द नाही. जा, एवढंच.

सुमनबाई जागच्या हलल्या नाहीत. कागदाचा फोटो पाहिजे, म्हणाल्या. साहेब म्हणाले, कशाला? त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी फाईल उघडायला लावून फोटो काढला.

बाहेर उन्हाने शेंगांची पोती तापली होती. प्रल्हादभाऊंनी वरच्या शेंगा चाचपल्या, काही फेकल्या. मग म्यान माझ्यापुढे धरलं. मी घेईना. मी म्हटलं, आता तर कागद आहे, आता तो तुमचा आहे, कोणाची हिंमत नाही. माझा आवाज अजून चढलेलाच होता. त्यांचा अजिबात नाही.

"तुमच्या पिशवीत हा चाकू हाय जी," ते म्हणाले. "माह्या पट्ट्याले लावला का हत्यार होते. मी काय दर नाक्यावर फोटो दाखवत बसू?"

मी सुमनबाईंकडे पाहिलं. सकाळी त्या नको म्हणाल्या होत्या, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी म्यान घेतलं.

बाजार अर्धा उठला होता. तरी आम्ही तिघांनी मिळून पोती उतरवली आणि तासाभरात शेंगा खपवल्या. मी काट्यावर बसले, सुमनबाई गिऱ्हाईक बोलावत होत्या. मधेच त्यांनी कागदात गरम भजी आणली आणि पहिलं माझ्या हातात ठेवलं. त्या दोघांनी चौकीचा विषय पुन्हा काढला नाही. हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं, यावर त्यांचं गोर (बंजारा) बोलीत बोलणं चाललं होतं. इतक्या लवकर ते दुसऱ्या कामाला कसे लागू शकतात, याचा मला त्रास होत होता. सवय झाल्याशिवाय असं लागता येत नाही.

बस आली तेव्हा प्रल्हादभाऊंनी माझी पिशवी टपावर न टाकता आत आणून ठेवली. पुढच्या वेळी पळस फुलतो तेव्हा या, म्हणाले. सुमनबाईंना माझ्याजवळची कात्री द्यायचं माझ्या मनात आलं होतं. मी ती दिली नाही. द्यायची मला भीती वाटली, आणि अशी भीती वाटावी याचाच संताप घेऊन मी महागाव, आर्णी, यवतमाळ असा सगळा रस्ता परत आले.

सांगलीला पोचल्यावर मी दोन दिवस बसून वरिष्ठांच्या नावाने चार पानी तक्रार लिहिली. चौकी, वार, वेळ, साहेबांच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव, सगळं. टाकण्याआधी प्रल्हादभाऊंना फोन करून वाचून दाखवली. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग फोन सुमनबाईंनी घेतला. तक्रार चांगली लिहिली ताई, म्हणाल्या, पण तुम्ही सांगलीत राहता. आम्हाला दर हप्त्याला त्याच नाक्यावरून बाजारात जायचं आहे. गाव टाकू नका, तांडा टाकू नका, आमचं नाव टाकू नका.

ते सगळं काढल्यावर तक्रारीत काही उरत नाही. ती चार पानं अजून माझ्या टेबलावर आहेत. त्या नदीकाठी जाऊन यावं असं मी प्रत्येकाला सांगते, आणि कसं जायचं हेही सांगते, पण ढाणकीपर्यंतच. पुढचा फाटा, तांडा आणि बाजाराचं गाव मी इथे लिहिलेलं नाही, आणि प्रल्हाद, सुमन ही नावंही त्यांची नाहीत. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी दुपारी मी सुमनबाईंना फोन करते. शेंगा गेल्या का विचारते, आणि घरी पोचलात का, हे विचारते. पोचलो, असं त्या म्हणाल्या की मग मी जेवायला बसते.